एकाच एलियनचं डोकं दर भागात वेगळं का?

प्रश्न: मी आणि माझ्या धाकट्या भावाने 'एलियन' सिरीजचे पिक्चर ओळीने बघितले, रोज रात्री एक. पहिल्यात त्या प्राण्याचं डोकं काचेसारखं गुळगुळीत, दुसऱ्यात त्याच डोक्यावर खाचा, तिसऱ्यात तर तो चार पायांवर पळतो. भाऊ म्हणतो या सगळ्या बनवणाऱ्यांच्या चुका आहेत, मी म्हणते कथेत कारण असणार. कोण बरोबर? आणि तुमच्या मते सगळ्यात चांगला एलियन कुठला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुम्ही तिसऱ्या भागापुरत्या बरोबर आहात, आणि भाऊ म्हणतो तशा चुका नाहीयेत पण दुसऱ्या भागातल्या डोक्याला कथेत कारण नाही हे त्याचं म्हणणं खरं आहे. (शेवट सांगावे लागणार आहेत, कुणी बघायचे बाकी ठेवले असतील तर आधी बघून या.)

सुरुवात स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगर या चित्रकारापासून करायला हवी कारण त्याच्याशिवाय हा प्राणीच नाही. 1976 मधे त्याने 'नेक्रोनॉम 4' नावाचं चित्र काढलं होतं, लांबच लांब मागे गेलेलं डोकं आणि हाडं कुठे संपतात नि पाइप कुठे सुरू होतात तेच कळत नाही असं शरीर. दिग्दर्शक रिडली स्कॉटने गीगरची चित्रं बघितली आणि त्याला हवा तो राक्षस तिथेच सापडला. त्या चित्रात मोठे काळे डोळे होते, पिक्चरसाठी करताना गीगरने ते काढून टाकले आणि माझ्या मते सगळ्या सिरीजमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच. डोळे असले की समोरचा कुठे बघतोय, चिडलाय की घाबरलाय याचा अंदाज तरी लागतो, इथे तो तुमच्याकडे तोंड करून उभा आहे आणि त्याने तुम्हाला बघितलंय का तेच समजत नाही. डोक्यावर अर्धपारदर्शक घुमट आणि पुढच्या बाजूला त्याच्या आत माणसाची कवटी, पण उजेड इतका कमी की ती पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. सूटमधे बोलाजी बडेजो, लंडनमधे शिकणारा जवळजवळ सात फुटी बारीक नायजेरियन तरुण, ज्याने आयुष्यात हा एकच पिक्चर केला. त्या लांब हातापायांमुळे आत माणूस आहे हे विसरायलाच होतं. आतलं दुसरं तोंड पुढे येतं ती यंत्रणा कार्लो राम्बाल्डीची.

आता तुमच्या खाचा. 1986 च्या 'एलियन्स'मधे जेम्स कॅमेरॉनला एक नाही, झुंड हवी होती, आणि ती उड्या मारणारी, भिंतीवरून येणारी. जड सूट घालून हे जमणार नाही म्हणून पिक्चरमधले प्राणी बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या टीमने अंगाला चिकटणाऱ्या काळ्या कपड्यांवर फोमचे तुकडे लावले. घुमट मारामारीत टिकला नसता, आणि घुमटाखालचं खाचांचं डोकं तसंच उघडं कॅमेरॉनला जास्त आवडलं. झालं, खाचा राहिल्या! सूटही मोजकेच होते, शंभर वाटतात ती अंधाराची आणि एडिटिंगची करामत. अंडी घालणारी राणी एलियन मात्र कॅमेरॉनने स्वतः डिझाईन केलेली, 14 फुटांची, आत दोन माणसं हात चालवतायत, वरून क्रेनने धरलंय, बाकीचं हायड्रॉलिक्स आणि बाहेरून ओढायच्या तारा. मी लहानपणी ते बघितलं तेव्हा ती खरीच आहे असं वाटलं होतं आणि आज सगळं माहीत असूनही तसंच वाटतं.

1992 च्या तिसऱ्या भागात कथेतलं कारण येतं. ज्याच्या शरीरातून जन्मला त्याचे गुण घेतो, इथे तो कुत्र्यातून येतो (2003 च्या लांब आवृत्तीत बैलातून) म्हणून चार पाय, आणि पाठीवरच्या नळ्या गायब. गंमत म्हणजे आधी खऱ्या कुत्र्याला सूट घालून बघितला होता, जमलं नाही. मग जवळच्या शॉटला टॉम वुडरफ सूटमधे आणि पळतानाची बाहुली निळ्या पडद्यासमोर वेगळी शूट करून चिकटवलेली, तिचा जोड डोळ्यांना खुपतो हे कबूल, पण कल्पना म्हणून मला हा बदल फार आवडतो.

1997 च्या चौथ्यात रंग तपकिरी झाला, अंग जास्त चिकट, आणि पाण्यात पोहणारे एलियन पहिल्यांदा कॉम्प्युटरवर केले, ते काम पुढे 'आइस एज' काढणाऱ्या ब्लू स्कायचं. पोहण्याचा सीन मस्तच आहे. पण शेवटी नायिका रिप्लीचा अंश असलेलं ते फिकट पिल्लू येतं, त्याला खोल डोळे, नाक, चेहरा दिलाय, आणि तिथे माझी भीती गेली, मला त्याची दया आली. 2012 आणि 2017 च्या भागांवर फार लिहीत नाही, 2017 च्या 'कव्हनंट'मधला निओमॉर्फ, म्हणजे एलियनचाच पांढरा भाऊबंद, चांगला आहे, मोठा एलियन भर उजेडात खूप वेळ दिसतो तिथे हलका वाटतो.

2024 च्या 'रोम्युलस'मधे परत सूट आणि यंत्रं आली, आणि ती लेगसी इफेक्ट्सची, म्हणजे विन्स्टन गेल्यावर त्याच्याच माणसांनी काढलेली कंपनी. त्यात शेवटी येणाऱ्या ऑफस्प्रिंग या माणूस-एलियन मिश्र प्राण्यालाही डोळे आणि चेहरा आहे, मग चौथ्या भागासारखं व्हायला हवं होतं, पण त्याचं काम करणारा रॉबर्ट बोब्रोत्स्की हा साडेसात फुटांहून उंच रोमानियन तरुण नुसता उभा राहून हसतो तेव्हा अंगावर काटा येतो. म्हणजे माझा डोळ्यांचा नियम तिथे मोडला.

सगळ्यात चांगला एलियन पहिलाच. राणी दुसरी.

प्रश्न: डोळे नाहीत तर त्याला दिसतं कसं?
– एक वाचक, पणजी

उत्तर: पिक्चरमधे कुठेच नीट सांगितलेलं नाही. पण तिसऱ्या भागात तो बोगद्यातून कैद्यांच्या मागे पळतो तेव्हा कॅमेरा त्याच्या नजरेतून आहे, छतावरून उलटा, कडेने वाकलेलं चित्र, म्हणजे काहीतरी दिसतंय नक्की. फेसहगरचं, म्हणजे अंड्यातून निघून माणसाच्या चेहऱ्याला चिकटणाऱ्या प्राण्याचं, वेगळं आहे, 'रोम्युलस'मधे ते उष्णतेवरून माणूस शोधतात म्हणून ती मुलं खोली अंगाएवढी गरम करून त्यांच्यामधून आवाज न करता चालत जातात. तो सीन हेडफोन लावून बघा.