वाचकांचे प्रश्न : बर्फावरच्या पट्टेवाल्या जुन्या गाड्या

मागच्या अंकात बर्फावर चालणाऱ्या जुन्या पट्टेवाल्या (म्हणजे चाकांभोवती ट्रॅक चढवलेल्या) गाडीचा एक फोटो छापला होता, त्यावर पत्रं आली. त्यातली तीन इथे घेतोय.

प्रश्न : दादा नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, आता कॅनडात विनिपेग तळ्याजवळ राहतो. शेजारी एक म्हातारे मासेमार आजोबा आहेत, त्यांच्या शेडमध्ये बॉम्बार्डियर बी-12 पडून आहे, तीच गोल खिडक्यांची, बर्फावर ट्रॅकवर चालणारी जुनी गाडी. आजोबा म्हणतात घेऊन जा. पण इंजिन जाम आहे, कित्येक वर्षं चालू केलेलं नाही. घेऊ का? बायको म्हणते आधी ठेवणार कुठे ते सांगा.

उत्तर : वहिनींचं ऐका. आधी छप्पर, मग गाडी, कारण बी-12 ची बॉडी लाकडी सांगाडा आणि प्लायवूडची असते आणि उघड्यावर दोन उन्हाळे राहिली तर ती कुजते. छप्पर असेल तर मात्र नक्की बघून या.

आता इंजिन जाम आहे म्हणून घाबरताय ना, तिथेच सगळे फसतात. गाडी बघायला गेलं की माणूस आधी मागचं झाकण उघडतो (बी-12 चं इंजिन मागे असतं), आणि माझं म्हणणं असं की इंजिन सगळ्यात शेवटी बघा. सुरुवातीच्या गाड्यांना फोर्डचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं, जुन्या पद्धतीचं) व्ही-8 आणि नंतरच्यांना क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड, ही दोन्ही इंजिनं त्या काळात लाखो मोटारींत बसलेली, त्यामुळे गॅस्केट, पिस्टन रिंग, वॉटर पंप आजही मिळतं. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, आठवडाभर तसंच राहू द्या आणि मग पुलीला पाना लावून हातानेच हळूहळू फिरवून बघा. घाईने स्टार्टर अजिबात मारू नका, उभ्या राहिलेल्या फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये (नळीत) चिकटून बसतात आणि जोर लावला की नुकसान होतं.

खरी गाडी खाली आहे. जमिनीवर झोपून पट्टे बघा. कापड घातलेल्या रबराचे लांब पट्टे आणि त्यावर स्टीलच्या आडव्या पट्ट्या बोल्टने बसवलेल्या, असा तो ट्रॅक असतो. रबराला नखाएवढ्या भेगा आहेत का, बोल्टची भोकं लांबट झालीत का, आतलं कापड बाहेर आलंय का ते बघा, भोकं लांबट झाली असतील तर पट्टा ताण घेणार नाही. मग ट्रॅक ओढणारं स्प्रॉकेट (दातेरी चाक) बघा, त्यावर रबर चढवलेलं असतं. ही गाडी बनवणाऱ्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियरने 1937 मध्ये ज्या रचनेचं पेटंट घेतलं त्यात हे रबराचं स्प्रॉकेट हीच मोठी गोष्ट होती, नुसत्या लोखंडी दात्यांमध्ये बर्फ भरून बसायचा, रबर थोडं वाकतं म्हणून तो झडतो. हे रबर दगडासारखं कडक झालं असेल तर नवीन चढवून घ्यावं लागेल आणि खर्च तिथे आहे, इंजिनात नाही. शेवटी स्क्रूड्रायव्हर घेऊन फरशीखालचं लाकूड आणि दरवाज्याखालचे कोपरे टोचून बघा, मऊ लागलं तर तेवढा भाग बदलायचाच.

आणि एक कळकळीने सांगतो, आजोबा आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसा. तुमच्या मॅनिटोबा प्रांतातले मासेमार अशा गाड्या घेऊन गोठलेल्या तळ्यावर जाळी टाकायला जात आलेत, कुठला आवाज आला की थांबायचं, छतावरचं झाकण का मोकळं ठेवायचं (बर्फ फुटला तर बाहेर पडायला), हे कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. आम्ही ज्या गाडीला बम्बार्डियर म्हणतो ती आणि ही बर्फाची गाडी एकाच कंपनीची का?

उत्तर : हो ताई, मूळ एकच! तुमच्या त्या लोकलची विजेची मुख्य यंत्रणा बॉम्बार्डियरची, डबे मात्र चेन्नईत बनलेले. त्या कंपनीची सुरुवात कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या व्हॅल्कूर गावातल्या एका गॅरेजमध्ये झाली. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर तिथे मोटारी दुरुस्त करायचा. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला, रस्ते बर्फाने बंद होते, हॉस्पिटल गाठता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करत होता, पण यानंतर त्याने ध्यासच घेतला. सात माणसांची बी-7 आली, मग 1940 च्या दशकात बारा माणसांची बी-12. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळं त्यातून जायचं. 1948 मध्ये क्युबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ करायचं ठरवलं आणि या गाड्यांचा धंदा एकदम बसला. तेव्हा त्याने इतर मशीन करायला घेतली, 1959 ची स्की-डू (बर्फावरची स्कूटरसारखी छोटी गाडी) ही त्याचीच. रेल्वेचा धंदा खूप नंतरचा, आणि 2021 मध्ये तो आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीकडे गेला. व्हॅल्कूरला त्याच्या नावाचं म्युझियम आहे, कॅनडात कोणी नातेवाईक असेल तर पाठवाच.

प्रश्न : काका, आमच्याकडे नाशिकला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. हिलरी ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर गेले होते हे खरं का?

उत्तर : शंभर टक्के खरं, आणि तेही साध्या शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर, चाकांभोवती पट्टे चढवून. 4 जानेवारी 1958 ला ते ध्रुवावर पोचले. त्यांचं काम खरं तर अंटार्क्टिका आडवी पार करत पलीकडून येणाऱ्या ब्रिटिश संशोधक व्हिव्हिअन फुक्स यांच्यासाठी वाटेत इंधन-सामान ठेवायचं होतं. फुक्स यांच्याकडे टकर कंपनीच्या स्नो-कॅट नावाच्या ट्रॅकच्या गाड्या होत्या, अमेरिकेत ऑरेगनमधल्या मेडफर्डला बनलेल्या, केशरी रंगाच्या. चार कोपऱ्यांना चार वेगळे ट्रॅक, चारही ओढणारे, आणि वळताना पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल वळतात. म्हणून एक ट्रॅक बर्फातल्या खोल भेगेवर लटकला तरी बाकीच्यांवर गाडी उभी राहायची, मग अ‍ॅल्युमिनियमचे पूल खाली सरकवून बाहेर काढायचे. 99 दिवसांत 2,158 मैल तोडून 2 मार्च 1958 ला फुक्स पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्कॉट बेसला (न्यूझीलंडच्या तळाला) पोचले. त्यातली एक गाडी न्यूझीलंडला क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियमकडे आहे. टकर कंपनी मेडफर्डमध्ये अजून चालू आहे आणि जुन्या स्नो-कॅट जपणारे लोक अमेरिकेत बरेच आहेत.

तुम्ही ट्रॅक्टरवाले आहात म्हणून सांगतो, या लोकांची एक सवय तुम्हाला लगेच पटेल. थंडीत गाडी उभी करताना ट्रॅकखाली लाकडी फळ्या घालतात, नाहीतर रात्रीत पट्टा जमिनीला गोठून बसतो आणि सकाळी गिअर टाकला की तुटायची भीती.