यंत्र बंद पाडू नकोस

फोंडा, गोवा

चि. मित्रा, सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित दोनदा वाचले. 2090 मधला गोवा तू आस्थेने उभा केला आहेस: नळ कधी आटत नाही, रुग्णालयात रांग नाही, कोणी कोणावर आवाज चढवत नाही. मात्र शेवटच्या प्रकरणात तू मुख्य यंत्रणाच बंद पाडतोस, शहर कोलमडते, आणि तेथे कादंबरी तुझ्या हातून निसटते. बिघडलेल्या यंत्राची कथा ही अपघाताची कथा असते. तुला सांगायची आहे ती न बिघडणाऱ्या यंत्राची.

हक्स्ले यांच्या 1932 सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतील व्यवस्था शेवटपर्यंत सुरळीत चालते. खालच्या वर्गातील गर्भांना प्राणवायू कमी देऊन त्यांची बुद्धी मुद्दाम खुंटवली जाते, आणि पुढे तीच माणसे आपल्या वाट्याच्या कामात समाधानी असतात. मला भय वाटते ते त्या समाधानाचे. काय गमावले याची आठवणही ज्याच्यापाशी उरलेली नाही, तो तक्रार कशाची करणार? फॉर्स्टर यांच्या 1909 मधील ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत यंत्र अखेरीस थांबते (तू हा दाखला देशील, म्हणून आधीच सांगतो), परंतु हानी त्याच्या कितीतरी आधी झालेली असते: मुलगा आईला सांगतो की पडद्यावर मला तुझ्यासारखे काहीतरी दिसते, तू दिसत नाहीस, आणि आईला त्याचे दुःख उमगतच नाही.

आता किंमत कोण मोजतो, ते पाहू. साळावली धरणाचे पाणी दक्षिण गोव्यात घरोघरी पोहोचते. ते हवेच होते, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या पाण्याखाली कुर्डी आहे, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती उघडी पडतात, आणि वाडे व वालकिणी येथे वसवलेली माणसे आपल्या देवळापाशी, कपेलापाशी (छोट्या चर्चपाशी) जमतात. पावसाळ्यात गाव पुन्हा बुडते.

तुझ्या न आटणाऱ्या नळामागे हे गाव येऊ दे. कुर्डीच्या माणसांना निदान वर्षातून एकदा परतता येते. तुझ्या 2090 मध्ये यंत्रणा धरणाची पातळी इतकी अचूक राखते, की पाणी कधी उतरतच नाही. कोणी बंदी घातलेली नाही, कोणाचा द्वेष नाही, केवळ हिशेब चोख आहे.

आणि नायिकेच्या ज्या आजीला तू पहिल्याच प्रकरणात दोन ओळींत संपवलेस, तिला जगव. लहानपणी आईचे बोट धरून ती त्या देवळात गेलेली आहे. मे उजाडला की ती पिशवीत तेल आणि वाती भरून दारात बसते, आणि ती कुठे निघाली आहे हे घरात कोणालाच कळत नाही. तेवढे प्रकरण आधी लिही आणि मला पाठव.

तुझा,
सर