काउंटरच्या अलीकडून

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मिस्टरी शॉपिंगचं काम मिळाल्याचा तुझा मेसेज आला. "काकू, बर्गरही फुकट आणि वर पैसेही!" यावरून तू किती खुशीत आहेस ते कळलं. मलाही आनंद झाला. पण फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि तिथे सेवा कशी मिळाली याचा गुपचूप रिपोर्ट कंपनीसाठी एजन्सीला द्यायचा, हे मिस्टरी शॉपिंगचं काम मी बारा वर्षं केलं. पहिली पाच वर्षं गिऱ्हाईक बनून दुकानोदुकानी हिंडले, पुढची सात एजन्सीच्या ऑफिसात बसून तुझ्यासारख्या मुलामुलींचे रिपोर्ट तपासले. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे काही गोष्टी तुला आधीच कळाव्यात असं मनापासून वाटतं.

पैशाचं आधी सांगते. बर्गर फुकट नसतो. बिल तू भरतेस, रिपोर्ट मंजूर झाला की ते परत मिळतं आणि वर ठरलेलं मानधन येतं. त्याला महिना-दीड महिना सहज लागतो. परत मिळणाऱ्या बिलाची मर्यादा ४०० ची असेल आणि बिल ४३० झालं, तर वरचे ३० तुझे. रिक्षाचं भाडं बहुतेक वेळा कुणी देत नाही. महिन्याला पाच कामं घेतलीस तर तुझे दोन हजार रुपये कायम बाहेर अडकलेले असणार, हे धरून चाल. आणि एक पक्कं लक्षात ठेव, खरी एजन्सी नोंदणीसाठी पैसे मागत नाही. टेलिग्रामवर कुणी 'टास्क' देऊन आधी शंभर-दोनशे रुपये खात्यात टाकतो आणि मग तुझ्याकडेच डिपॉझिट मागतो, तो चोर समज. चुकून अडकलीस तर लाजून गप्प बसू नकोस, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

आता रिपोर्टचा फॉर्म. रांगेत किती मिनिटं गेली, ऑर्डर दिल्यापासून ट्रे हातात येईपर्यंत किती गेली, टेबल पुसलेलं होतं का, बेसिनपाशी साबण होता का, फ्राइज गरम होते का, बिल मागावं लागलं का, असे पन्नास-साठ प्रश्न असतील. मॅकडोनाल्ड्सला मोठं करणाऱ्या रे क्रॉकने दर्जा, सेवा, स्वच्छता आणि पैशाचा पुरेपूर मोबदला या चार गोष्टींचा ध्यास घेतला होता. आजही फास्ट फूडचा कुठलाही फॉर्म उघड, याच चार गोष्टी दिसतील. त्या तू दोन-तीन भेटींत शिकशील. त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

मला तुला थांबवायचं आहे ते मधल्या पाच-सहा प्रश्नांपाशी. "कर्मचाऱ्याने मोठा साइज सुचवला का?" "कॉम्बो सुचवला का?" "ऑर्डर संपताना गोड काही हवं का असं विचारलं का?" मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्मांत या प्रश्नांना गुण जास्त असायचे, अगदी टेबलाच्या स्वच्छतेहूनही. मला हे कळायला दोन वर्षं लागली. कंपनीला कमाई नेमकी कुठे होते, ते ती तुला त्या गुणांच्या रकान्यात लिहून देत असते.

एक जुनी हकिगत सांगते. शिकागोकडच्या सिनेमा थिएटरांच्या एका साखळीत डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ होते. १९६०च्या दशकातली गोष्ट. पॉपकॉर्नची विक्री वाढवायचे सगळे उपाय करून झाले, पण लोक दुसरी पिशवी काही घेईनात. पुन्हा उठून गेलो तर खादाड दिसू, असं त्यांना वाटत असावं, हे वॉलरस्टीनच्या लक्षात आलं. त्यांनी एकच मोठी पिशवी ठेवली आणि तेच लोक ती मुकाट्याने घेऊ लागले. पुढे ते मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर आले आणि फ्राइजचा मोठा साइज काढा म्हणून मागे लागले. क्रॉकचं म्हणणं होतं, ज्याला जास्त हवेत तो दोन पाकिटं घेईल. तेव्हा वॉलरस्टीन दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना बघत बसले. माणसं पाकिटाच्या तळाशी उरलेलं मीठसुद्धा बोटांनी पुसून खात होती. अखेर क्रॉकने ऐकलं.

बघत बसायचं हे काम आता तुझ्याकडे आलं आहे, म्हणून ही हकिगत.

मी पाहिलेलं एक दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शनिवारची संध्याकाळ, मॉलमधलं दुकान, माझ्यापुढे चौघांचं कुटुंब. नवरा-बायको आणि दोन मुलगे. बायको मेन्यू बोर्डाची उजवी बाजू वाचत होती, म्हणजे आधी किंमत आणि मग पदार्थ. तिने हलक्या आवाजात नवऱ्याला चार नावं सांगितली, त्याने ती काउंटरवर जशीच्या तशी सांगितली. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, चारही मील लार्ज करू? फक्त चाळीस रुपये जास्त." नवऱ्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. आम्ही सात-आठ जण उभे होतो. मग तो बायकोकडे न बघता म्हणाला, "करा." पावती हातात आल्यावर त्याने ती दोनदा वाचली. चाळीस हे एका मीलमागे होते, बिल एकशे साठने वाढलं होतं. जेवण झाल्यावर त्यांच्या टेबलावरून गेले तर दोन मोठे ग्लास निम्मे भरलेले तसेच होते, आणि ती बाई उरलेल्या सॉसच्या पुड्या पर्समध्ये ठेवत होती.

माझ्या फॉर्ममध्ये त्या दिवशी "मोठा साइज सुचवला का" याला "होय" आणि पूर्ण गुण.

त्या मुलाने काही चूक केली नव्हती, शिकवलं तेच केलं. आणि त्या वाक्याची घडण बघ. 'फक्त' हा शब्द आधी येतो. आकडा एकाचा सांगितला जातो, चौघांचा नाही. आणि प्रश्न अशा वेळी येतो की मागे रांग खोळंबलेली असते. दुकानाच्या बाजूने हिशोब सोपा आहे. जागेचं भाडं, वीज, पगार हे तू लहान ग्लास घेतलास तरी लागणारच. मोठ्या ग्लासात वाढतं ते थोडं सिरप, सोडा आणि बर्फ. म्हणून वरच्या चाळीसातले बरेचसे नफ्यात जातात. स्वस्तातला बर्गर तुला दारातून आत आणतो, कमाई ग्लासात आणि फ्राइजच्या पाकिटात असते. आपल्याकडे वडापावलासुद्धा हे लागलं. २००१ साली मालाड स्टेशनजवळ सुरू झालेली छोटी साखळी पुढे जंबोकिंग झाली, म्हणजे साइज थेट नावातच आला. गाडीवर मात्र अजून तसं नाही. तिथे भूक राहिली तर आपण "अजून एक द्या" म्हणतो, आणि प्रत्येक 'अजून एक'ला हात पुन्हा खिशात जातो.

तो हात खिशात जाणं फार महत्त्वाचं आहे गं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या ड्राझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, काहींना रोख भरायची अट आणि काहींना क्रेडिट कार्डाची. कार्डवाल्यांची बोली सरासरी दुपटीहून वर गेली. आपल्याकडे यूपीआयचे पैसे तर त्याच क्षणी खात्यातून जातात, उधारी नसते, तरी नोट मोडताना पोटात जे होतं ते स्कॅन करताना होत नाही. मी स्वतः एक महिना बाहेरचं खाणं फक्त रोखीने केलं होतं. पाचशेची नोट देऊन परत आलेल्या चिल्लरकडे बघितलं की कोल्ड्रिंक आपोआप रद्द व्हायचं. तूही एक महिना करून बघ, आणि वहीत लिही. किती वाचले त्यापेक्षा कुठल्या वेळी हात आखडला, ते लिही.

तुला वाटेल, काकू चार बर्गरांवरून एवढं बोलते. पण सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २०२३-२४ साली शहरातल्या माणशी महिन्याच्या खर्चातला ११.०९ टक्के वाटा पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ या एका गटाचा होता. १९९९-२००० मध्ये तो ६.३५ टक्के होता. यात चहा-बिस्किटापासून हॉटेलातल्या ताटापर्यंत सगळं येतं, फक्त फास्ट फूड नाही. तरी शहरी माणूस अन्नावर जे खर्च करतो त्यातला सगळ्यात मोठा गट आज हाच आहे. सरासरी महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये होता, म्हणजे माणशी पावणेआठशेच्या आसपास. चौघांच्या घरात तीन हजारांवर. तुझ्या बाबांनी अलीकडे किराण्याची यादी किती वेळा तपासली आणि हा आकडा किती वेळा, विचार त्यांना.

आता जे सांगते ते मला सांगायला जड जातं.

तिसऱ्या वर्षी एका साखळीच्या दुकानात रात्री पावणेदहाला गेले होते. "हसून स्वागत केलं का?" या प्रश्नाला मी "नाही" लिहिलं. शेरा टाकला, "कर्मचारी उदासीन वाटला." पुढे ऑफिसात आल्यावर वादात गेलेल्या रिपोर्टांची जुनी फाइल चाळताना माझाच रिपोर्ट सापडला. दुकानाच्या मॅनेजरने सीसीटीव्हीची क्लिप जोडून आक्षेप घेतला होता आणि तो मुदत उलटल्यामुळे फेटाळला गेला होता. मी क्लिप लावली. आवाज नव्हता. तो मुलगा मान झुकवून, हसून काहीतरी म्हणतो. समोर मी खाली बघते आहे, फोनवर. स्टॉपवॉच लावत होते. मी मान वर करेपर्यंत त्याचं हसू ओसरलेलं. फाइलमध्ये शेवटचा कागद होता, त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह त्या शिफ्टच्या कुणालाच मिळाला नव्हता.

मी ती क्लिप किती वेळा पाहिली ते आठवत नाही. मुलाचं नाव छातीवरच्या पट्टीवर होतं, रिपोर्टात मीच ते अचूक लिहिलं होतं.

म्हणून सांगते, वेळ मोजायला स्टॉपवॉच वापरूच नकोस. रांगेत लागलीस की आईला व्हॉट्सअ‍ॅपवर "पोचले" टाक, ऑर्डर दिलीस की "सांगितलं", ट्रे आला की "मिळालं". मेसेजवर वेळ आपोआप पडते आणि बघणाऱ्याला काही वेगळं वाटत नाही. काउंटरशी पोचलीस की फोन पिशवीत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघ आणि तूही नमस्कार कर. आणि शेऱ्यात 'उदासीन', 'उद्धट', 'आळशी' असले शब्द लिहू नकोस, ती तुझी मतं झाली. "मी काउंटरशी आल्यावर त्याने मागच्या सहकाऱ्याशी बोलणं चालू ठेवलं, साधारण दहा सेकंदांनी माझ्याकडे वळला," हे लिही. एकटाच काउंटरवर होता, मागे डिलिव्हरीवाले पाच जण उभे होते, हे दिसलं तर तेही लिही. फॉर्म विचारत नाही, पण खाली शेऱ्याची रिकामी चौकट असते. ती मी सात वर्षं वाचली आहे. तिथे नीट लिहिलेलं एक वाक्य माणसाचा महिना वाचवू शकतं.

हा धंदा सुरूच झाला संशयातून. अमेरिकेत १९४०च्या दशकात नोकरांचा प्रामाणिकपणा तपासायला असे खोटे गिऱ्हाईक पाठवायचे. तो संशय फॉर्मच्या हाडीमाशी अजून आहे. तुझ्या मनात तो येऊ देऊ नकोस. पलीकडचा मुलगा तुझ्याच वयाचा असतो, आठ-नऊ तास उभा असतो.

आता बऱ्याच ठिकाणी त्या मुलाऐवजी स्क्रीन आली आहे. तिला लाज नाही, थकवा नाही, ती प्रत्येकाला मोठा साइज विचारतेच. तिथे शेवटचं पान सावकाश वाच. न विचारता देणगीचे दोन-पाच रुपये किंवा एखादा डिप घातलेला असेल तर ते काढ आणि रिपोर्टात लिही. ऑनलाइन खरेदीत असं गुपचूप टोपलीत टाकणं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत फसव्या युक्त्यांमध्ये धरलं आहे. अशी वेळ तुझ्यावर गिऱ्हाईक म्हणून आली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

शनिवारी पहिली भेट आहे ना? रिपोर्ट पाठवायच्या आधी मला दाखव. रात्री अकरापर्यंत मी जागीच असते.

तुझी,
काकू

ता.क. बिलाचा फोटो दुकानाबाहेर पडायच्या आत काढ. तो कागद थर्मल असतो, पर्समध्ये उन्हाने आठ दिवसांत पांढरा पडतो, आणि कोऱ्या कागदावर कुणी पैसे परत देत नाही.