तेरूमा म्हणजे प्रसाद नव्हे

प्रश्न असा : ज्यूंच्या ‘तेरूमा’ला मराठीत प्रसाद म्हणावं का? आणि तेरूमाच्या द्राक्षांची वाइन केली तर तिचं पावित्र्य टिकतं का?

प्रसाद? मुळीच नाही. हल्ली देवाधर्माचं काहीही खाण्यासारखं दिसलं की लोक ‘प्रसाद’ म्हणून मोकळे होतात. प्रसाद देवापुढून फिरून आपल्याच हातावर येतो. तेरूमा पिकातून काढून द्यायचा तो कोहेनला, म्हणजे पुरोहिताला. खायचा त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी. दुसऱ्या कुणी चुकून खाल्ला तर भरपाई, वर पाचवा हिस्सा जादा.

माझा शब्द ‘उचल’. हिब्रू धातू ‘रूम’ म्हणजे उंच होणं. त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ उचलणं. अब्राम (म्हणजे बायबलमधला अब्राहाम) या नावातला ‘राम’ही तोच, उंच! ‘शूव’ (परतणं) वरून ‘तेशुवा’ (पश्चात्ताप), तसा ‘रूम’वरून ‘तेरूमा’. तरी काही जण अजून ‘त्रेई मिमेआ’, म्हणजे शंभरातले दोन, अशी फोड व्युत्पत्ती म्हणून खपवतात. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, बेताच्या माणसाचं माप पन्नासावा भाग (सढळ हाताचा चाळिसावा, चिक्कूचा साठावा), म्हणून ते जुळतं, इतकंच. कोटी झकास आहे, व्युत्पत्ती नाही.

ऊसतोडीची उचल आठवून कुणी नाक मुरडेल. ती मुकादमाकडून आगाऊ घेतलेली, दिशा उलटी, मान्य. पण बायबलमध्येच ‘खळ्याचा तेरूमा’ आहे, आणि खळ्यावर राशीतून वाटा उचलणं आपल्याला काय नवं? ‘मग बलुतं म्हणा’ असं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की बलुत्याचे दाणे विटाळत नाहीत, तेरूमा विटाळतो.

हां, वाइन राहिली. द्राक्षांची वाइन आणि ऑलिव्हचं तेल यांत पावित्र्य जसंच्या तसं उतरतं. बाकीच्या फळांचं रूप बदलायचंच नाही, असं मिश्ना सांगते. पण कुणी तेरूमाच्या खजुराचा पाक केलाच, आणि परक्यानं, म्हणजे कोहेन नसलेल्यानं, तो चाखला तर? रब्बी एलिएझर म्हणतात, मुद्दल आणि पाचवा हिस्सा भरा. रब्बी यहोशुआ म्हणतात, काही भरू नका. यहोशुआंच्या बाजूचं कारण तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चाग्रंथात) एका शब्दात आहे : ‘झेआ’. घाम! खजूर दाबला, त्याला घाम फुटला, तो काही खजूर नव्हे. म्हणून त्या पाकावर खाण्याआधी म्हणायचा फळाचा आशीर्वाद म्हणत नाहीत, पाण्यावर म्हणतात तोच सरसकट आशीर्वाद म्हणतात. आणि ‘दुधामधाच्या देशा’तला मध पुष्कळांच्या मते हाच, खजुराचा.