दोन हजारांतले आठच आत कसे सोडायचे?

खानापूरहून एका मुलीचं पत्र आलंय. बीसीए झालं, बेळगावात लिनक्स ॲडमिनच्या, म्हणजे लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळण्याच्या, जागेसाठी मुलाखत दिली. विचारलं, ‘डिरेक्टरीत (कंपनीतल्या सगळ्या खात्यांच्या एकत्र यादीत) दोन हजार लोक आहेत, पण डेटाबेस सर्व्हरवर आठांनाच लॉगिन करता यावं. काय करशील?’ ती म्हणाली, ‘त्या मशीनवर आठ खाती उघडीन.’ नोकरी गेली. आता ती विचारते, हे सोडून बँकेच्या परीक्षांना लागू का?

नको गं. कॉलेजात एकाच मशीनवर शिकलेल्या कुणाच्याही तोंडी हेच उत्तर येतं. पण आठांतला एक उद्या कंपनी सोडून गेला, तर त्याचं खातं कोण बंद करणार? आणि असे चाळीस सर्व्हर असले तर?

लग्नाच्या मांडवात पाचशे पाहुणे असतात, पण कोठीच्या खोलीत चारच माणसं जातात. ओळख पटणं वेगळं आणि आत सोडणं वेगळं. सर्व्हर डोमेनला, म्हणजे त्या डिरेक्टरीवर चालणाऱ्या जाळ्याला, जोडला की, वेगळं काही सांगितलं नाही तर, डोमेनमधला कुणीही लॉगिन करू शकतो. म्हणून डिरेक्टरीत एक ग्रुप करायचा, आठांना त्यात घालायचं आणि सर्व्हरला सांगायचं, या ग्रुपलाच सोड. ‘रेल्म परमिट’ या कमांडला ‘-g’ लावून ग्रुपचं नाव दिलं की एसएसएसडीच्या (सर्व्हरवर डिरेक्टरीतली खाती तपासणाऱ्या सेवेच्या) फाइलमध्ये ‘सिंपल अलाऊ ग्रुप्स’ची ओळ येते. माणूस गेला की ग्रुपमधून नाव काढायचं, सर्व्हरला हातही लावायचा नाही. मात्र तो आधीच आत बसला असेल तर ते चालू लॉगिन आपोआप तुटत नाही. हे मुलाखतीत आपणहून सांग.

आता घरी करून बघ. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन हलकी मशीनं चालतात. एकावर सांबा या मोफत सॉफ्टवेअरने डोमेन उभं कर, दुसरं त्याला जोड. ग्रुपमधल्या खात्याने आत जा, मग बाहेरच्या खात्याने प्रयत्न कर. बाहेरच्याला पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळाला पाहिजे. तोच नकार लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, शोधून वाच.

मग एसएसएचच्या (दुरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेच्या) फाइलमध्ये ‘अलाऊग्रुप्स’, म्हणजे याच ग्रुपांना सोड अशी ओळ, लावून बघ. इथे जपून! ही ओळ स्थानिक खात्यांनाही लागू होते, त्यामुळे तुझं स्वतःचं खातं त्या ग्रुपात नसलं तर तूच बाहेर. म्हणून जुनी खिडकी उघडी ठेव, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं तरच पहिली बंद कर. ही सवय ज्याच्या हाताला आहे, त्याच्या हाती सर्व्हर द्यायला कुणी कचरत नाही.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण एका प्रश्नावर अडलीस म्हणून तिकडे वळू नकोस. अर्जात मराठीबरोबर कन्नड येतं हेही लिही, आपल्या भागात रोज लागतं.

महिनाभर हे कर. अडलीस तर लॉगमधली ओळ जशीच्या तशी उतरवून मला पाठव.