त्याच्या पट्टीतली अर्धी गोळी

पत्र सांगलीच्या ५८ वर्षांच्या एका आईचं आहे. मुलाला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. शेजारी टाकीत काहीतरी कालवतात म्हणून तो घरचं पाणी पीत नाही, रात्री उठून कड्या तपासत बसतो. यांना पहाटे तीनला जाग येते ती येतेच. भजनी मंडळ सुटलं, जेवणाला चव नाही, कशात जीव रमत नाही. विचारतात, त्याला आणखी नीट कसं सांभाळू?

ताई,

चार पानं मुलावर लिहिलीत आणि तिसऱ्या पानावर कंसात एवढंच: 'फारच झोप येईना तर त्याच्या पट्टीतली अर्धी गोळी मी घेते.' मी तिथून पुढे सरकलेच नाही.

कुठली गोळी, तेही लिहिलं नाहीत. ओलान्झापिन असेल तर झोप लागते खरी, पण भूक नि वजन वाढतं, रक्तातली साखर चढू शकते. क्लोनाझेपाम असेल तर सवय लागते. 'अंग जड झालंय, सकाळी डोकं सुन्न असतं' हे तुम्ही खुशाल वयावर ढकललंत. आणि महिनाअखेर पट्टी आधीच संपते म्हणून मेडिकलवाल्यावर चिडता! ताई, ते चार दिवस पोरगं गोळीविना राहतं. आजार उलटायला तेवढंही पुरू शकतं.

दर महिन्याला डॉक्टरांसमोर बसता आणि यातलं अवाक्षर काढत नाही. पहाटेची जाग, तोंडाची चव जाणं, सगळं नकोसं होणं, ही सगळी डिप्रेशनची लक्षणं आहेत. स्किझोफ्रेनियाच्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या घरच्यांमध्ये ते सर्रास आढळतं आणि उपचारांनी बरं होतं. डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, ती घरातच हा आजार पाहिल्यावर. तिथे शुभंकरांचे, म्हणजे सांभाळणाऱ्यांचे, आधारगट आहेत. पण ते नंतर बघू.

आधी या आठवड्यात स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा. सिव्हिलला काढा नाहीतर त्याच्याच डॉक्टरांकडे. पट्टी सोबत न्या आणि कधीपासून, किती घेता ते खरं सांगा. रोज घेत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. मुलासाठी तरी स्वतःला जपा, असं मी म्हणणार नाही. ते ऐकून ऐकून तुम्ही या गतीला आलात. तुमच्यासाठी जा. मधेच जगणं नको वाटलं तर १४४१६ लावा. टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

'यजमान साधे आहेत, त्यांना यातलं कळत नाही,' म्हणता. आठ वर्षं एका घरात राहून? त्या दिवशी मुलाजवळ ते थांबतील. विचारत बसू नका, सांगून निघा.

खिडकीवर पेशंटचं नाव विचारतील. सवयीने त्याचं तोंडात येईल, पण तुमचं सांगा.