स्विफ्ट १.२ पेट्रोलला टर्बो बसवायचा आहे; गिअरबॉक्स आधी बदलू की नंतर? (नागपूर)

गिअरबॉक्सच्या आधी क्लच बघा. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) लागला की टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, एकदम वाढतो आणि कंपनीचा क्लच घसरायला लागतो: चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढतो, गाडीचा वेग मात्र तेवढाच. मूळ टॉर्क साधारण ११३ न्यूटन-मीटर आहे. त्याच्या दीडपट जाणार असाल तर गिअरबॉक्सचंही काम त्याच वेळी काढा.

खरी अडचण आपल्या उन्हाची आहे. मे महिन्यात ४५ अंशांत टर्बोने दाबलेली हवा आणखी तापते, त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) आधीच जास्त. मग नॉकिंग (इंधन वेळेआधी आपोआप पेटणं) सुरू होतं आणि पिस्टन जातो. म्हणून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी ठेवा, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये काटकसर अजिबात नको. ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग डिसेंबरात केलं असेल तर उन्हाळ्यात, भर दुपारी पुन्हा तपासून घ्याच.

आणि आरटीओ? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

तुमच्या जागी मी असतो तर याच पैशात जुनी बलेनो आरएस शोधली असती. १ लिटरचं इंजिन, टर्बो कंपनीचाच, टॉर्क १५० न्यूटन-मीटर.